महूच्या आजीचा स्कॉटिश पणजोबा कसा शोधला (तुमचाही शोधता येईल)

आमच्या वहिनीचं माहेर महूचं, अँग्लो-इंडियन रेल्वेवाली फॅमिली, आणि तिची आजी (वय ८६, कान तिखट, जीभ त्याहून तिखट) सगळ्यांना सांगत आलीय की माझे पणजोबा स्कॉटलंडच्या एका लॉर्डचे धाकटे चिरंजीव. मागच्या दिवाळीत सेल लागला म्हणून घरातल्या एका हुशार माणसाने डीएनए किट मागवलं आणि पुतण्याला थुंकायला लावलं. रिझल्ट आला: स्कॉटलंड ९ टक्के, एक रंगीत नकाशा, बस. पैसे पाण्यात. तो हुशार माणूस म्हणजे मीच.

तर पहिली गोष्ट, डीएनएपासून सुरुवात करू नका. आणि लॉर्डपासून तर नकोच. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की गुरुजी गाव नि आडनाव विचारतात आणि वही उघडून तुमच्या खापरपणजोबांची सही दाखवतात, तिकडे असं एका वहीत नाही मिळत, पण वह्या आहेत, भरपूर आहेत, फक्त आजच्या माणसापासून मागे एकेक पायरी जायचं आणि दर पायरीला एक कागद हातात पाहिजे. मधली पायरी गाळली की तुम्ही भलत्याच माणसाचे नातेवाईक होता.

घरापासून सुरू करा. आजीच्या पलंगाखालच्या ट्रंकेत फॅमिली बायबल निघालं, त्याच्या कोऱ्या पानांवर पोरांचे जन्म लिहिलेले, शाई तीन प्रकारची. मग महूच्या जुन्या कब्रस्तानात गेलो. दगडावरची अक्षरं वाचायला घासू नका, खडू फिरवू नका, दगड जातो. सकाळी सातला जा, ऊन तिरपं असतं, बाटलीतलं साधं पाणी शिंपडा आणि थोडं थांबा. वरचा भाग आधी सुकतो, खोदलेली अक्षरं ओली काळी राहतात, आणि जो दगड मघाशी कोरा वाटत होता त्यावर नाव, वय, साल सगळं वर येतं. मोबाईलवर चार बाजूंनी फोटो काढा. आम्हाला पणजोबांच्या मृत्यूचं साल आणि वय मिळालं, म्हणजे जन्माचा अंदाज १८४२.

आता भारतातल्या नोंदी. ब्रिटिश काळात इथल्या चर्चमधले बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला लंडनला जायच्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, बंगाल, मद्रास, मुंबई अशा तीन इलाख्यांच्या वेगवेगळ्या. महूसाठी मुंबई बघा, नाही सापडलं तर बंगालही बघा. फिबिस म्हणून ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांची एक संस्था आहे, तिचा सर्च फुकट आहे, फॅमिलीसर्च ही साइटही फुकट, मूळ पानांचे फोटो फाइंडमायपास्ट या साइटवर पैसे देऊन. स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका, आडनावाच्या सुरुवातीचा मॅक कधी पूर्ण लिहिलाय, कधी अर्धा, कधी गायब. आम्हाला १८७४ चं महूचं लग्न सापडलं, नवरा शिपाई, खाली त्याच्या बापाचं नाव. लॉर्ड वगैरे काही नाही, नुसतं नाव.

शिपाई असेल तर तुमचं नशीब चांगलं. ब्रिटिश फौजेतून सुटलेल्या शिपायांचे डिस्चार्जचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, १८८३ च्या आधीचे मुख्यतः पेन्शनवाल्यांचेच. त्यात जन्माचं गाव, भरती झाला तेव्हाचं वय आणि आधीचा धंदा लिहिलेला असतो. आमचा निघाला पेस्लीचा, धंदा विणकर. पेस्ली म्हणजे स्कॉटलंडातलं ते गाव जिथं काश्मिरी शालींची नक्कल विणायचे, आणि ज्याच्या नावाने अख्खं जग आपल्या कोयरीला ओळखतं. वहिनीच्या अंगावर तेव्हा नेमकी कोयरीच्या काठाची साडी होती. म्हणाली, "भाऊजी, मतलब लॉर्ड कॅन्सल?"

इथून पुढे माणूस स्कॉटिश की इंग्लिश यावर सगळा खेळ आहे, दोन्हीकडचे कागद वेगळे आणि खरं सांगायचं तर स्कॉटलंडवाले फार उदार. तिथं सरकारी जन्म-मृत्यू नोंद १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, जुनं सगळं स्कॉटलंड्सपीपल या सरकारी साइटवर, क्रेडिट विकत घ्या आणि पान लगेच बघा. लग्नाच्या दाखल्यात दोघांचे आई-बाप, आईचं माहेरचं नाव धरून. मृत्यूच्या दाखल्यातसुद्धा आई-बाप! जन्माच्या दाखल्यात आई-बापाच्या लग्नाची तारीख आणि गाव, फक्त १८५६ ते १८६० ही वर्षं सोडून. आणि १८५५ चाच दाखला मिळाला तर पेढे वाटा, त्या एका वर्षी त्यांनी इतकं विचारलं की पुढच्या वर्षी कमी करावं लागलं. त्याआधीचं मात्र पॅरिशच्या (म्हणजे गावोगावच्या चर्चच्या) जुन्या वह्यांवर, आणि १८४३ ला तिथलं चर्च फुटलं, त्यामुळे बरीच कुटुंबं त्या वह्यांत मिळतच नाहीत.

इंग्लंड नि वेल्समध्ये सरकारी नोंद आधी सुरू झाली, १ जुलै १८३७ ला, पण हात आखडता. लग्नाच्या दाखल्यात फक्त बापांची नावं, आया थेट २०२१ मध्ये आल्या. मोठ्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यात आई-बाप नाहीतच. एक युक्ती सांगतो, बाकीच्या साइटवरच्या जन्माच्या जुन्या इंडेक्समध्ये आईचं माहेरचं नाव १९११ पासून दिसतं पण सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या इंडेक्समध्ये पार १८३७ पासून आहे, तिथंच शोधा. पॅरिशच्या वह्या १५३८ पासून, आणि तिथं १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारीतला बाप्तिस्मा लग्नाच्या आधीचा वाटला तर घाबरू नका.

आमची गाडी अडली ती पेस्लीत. त्याच नावाची दोन पोरं, दीड वर्षाच्या अंतराने, दोघांच्या बापाचं नावही तेच. स्कॉटलंडात पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं अशी पद्धत होती, आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच, म्हणून चुलतभावांची नावं धडाधड सारखी. मग सुटलं कसं, तर जनगणनेने. १८४१ पासून दर दहा वर्षांनी आहे (१८४१ ची वयं सरळ धरू नका, मोठ्यांची पाचाच्या पटीत खाली उतरवलीत). २ एप्रिल १८७१ च्या रात्री एक पोरगा पेस्लीत बायको-मुलांसकट घरी बसलाय, आणि आपला माणूस तेव्हा रेजिमेंटच्या मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, हिंदुस्थानात. म्हणजे तो नाही, हा. दुपारी दोन वाजता मी एकटाच टाळ्या वाजवल्या. लक्षात ठेवा, तुमचा माणूस भारतात आला तरी त्याचे आई-बाप, भावंडं तिकडच्या गणतीत असतात, त्यांच्यामागे लागा. त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या दाखल्यातून आईचं माहेरचं नाव मिळालं, आपल्या माणसाच्या बाप्तिस्म्याशी तंतोतंत जुळलं.

आता डीएनए, आणि आता फक्त एकाच प्रश्नासाठी: हे घर खरंच आपलं का. टेस्ट सगळ्यात वयस्कर माणसाची करा. आजीच्या डीएनएचा साधारण आठवा भाग पुतण्यापर्यंत पोचतो, मग पोराचं काय तपासता! थुंकीच्या किटला अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि म्हाताऱ्यांचं तोंड कोरडं पडतं, त्यांना गालाच्या आत काडी फिरवायचं किट बरं. आधी नीट विचारा, कारण यातून कधीकधी घरातलं झाकलेलंही बाहेर येतं. टक्केवारीचा नकाशा बघून सोडून द्या, स्कॉटिश नि उत्तर इंग्लंडचे लोक डीएनएत इतके मिसळलेत की तिथली सीमा अंदाजाचीच. कामाची ती मॅचेसची, म्हणजे ज्यांचा डीएनए आपल्याशी जुळतो त्या लोकांची लिस्ट. दोघांचा किती डीएनए जुळतो ते सेंटीमॉर्गन या एककात मोजतात, तिसऱ्या पिढीचे चुलत (खापरपणजोबा एकच असलेले) साधारण ७० च्या आसपास, चौथ्या पिढीला जवळजवळ निम्म्यांत काहीच जुळत नाही, म्हणजे मॅच नसणं हा पुरावा नाही. वाय डीएनए फक्त बापाकडून मुलाकडे जातं, आमच्याकडे ती ओळ तुटलेली त्यामुळे बाद. आणि आडनाव एखाद्या क्लॅनचं, म्हणजे तिकडच्या कुळाचं, आहे म्हणून रक्तही क्लॅनच्या सरदाराचंच असं नसतं, त्याच्या जमिनीवर राहणारे पण तेच नाव लावायचे.

आजीला ६१ सेंटीमॉर्गनची मॅच निघाली, न्यूझीलंडच्या एक बाई, शिपायाच्या त्या धाकट्या बहिणीच्या पणती. मेसेज लिहिताना निबंध लिहू नका, चार ओळी: कोणाची टेस्ट, कोणत्या गावचं कोणतं कुटुंब, कोणत्या साली, आणि एकच प्रश्न. अकरा दिवसांनी उत्तर आलं. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की घरचा एक भाऊ इंडियात गेला आणि तिथल्या कुठल्यातरी राजाचा जावई झाला.

आजीला वाचून दाखवलं. चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, लॉर्डपेक्षा हे बरं.