डीमध्ये गाडी हलत नाही, एलमध्ये चालते: ऑटोमॅटिक गाडीचा वन-वे क्लच कसा तपासावा

स्कूटरचा सेल्फ मारला, नुसती घरघर झाली आणि इंजिन फिरलंच नाही, तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक गाडीला हात लावायच्या आधीच सांगतो, "वन-वे गेलंय." ऑटोमॅटिक कारच्या गिअरबॉक्समध्येही वन-वे क्लच असतो. तो गेला की लिव्हर डीमध्ये (ड्राइव्ह, पुढे जाण्यासाठी) असतो, इंजिन रेस होतं आणि गाडी जागची हलत नाही. इथे मात्र मालकाला बहुतेक वेळा "गिअरबॉक्स गेला" एवढंच ऐकायला मिळतं. अख्खा गिअरबॉक्स बदलायला होकार देण्याआधी खालच्या चाचण्या करून बघा. त्यासाठी काहीही खोलावं लागत नाही.

आधी हा भाग समजून घ्या. सायकलचं फ्रीव्हील आठवा: पायडल मारलं की चाक ओढलं जातं, पाय थांबवले की चाक मोकळं फिरत राहतं. वन-वे क्लचमध्ये एकात एक बसलेल्या दोन रिंगा असतात आणि त्यांच्या मधल्या फटीत रोलर किंवा स्प्रॅग नावाचे छोटे पोलादी तुकडे. एका दिशेला ते सरकू देतात, उलट दिशेला पाचरीसारखे अडकून दोन्ही रिंगा जखडतात. याला ना ऑइलचा दाब लागतो, ना सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह). त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरला तो थेट दिसतही नाही. स्कॅनर फार तर पी०७३१ कोड देईल. त्याचा अर्थ पहिल्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, एवढाच. ते का जुळत नाही, हे शोधायचं काम आपलं.

ऑटोमॅटिकमध्ये प्लॅनेटरी गिअर असतात, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या गिअरचा संच. पहिल्या गिअरमध्ये त्याचा एक भाग घट्ट धरून ठेवावा लागतो. डीमध्ये तो वन-वे क्लच धरतो. एल (लो) किंवा १ मध्ये त्याच भागाला गिअरबॉक्सच्या आतला एक बँड (आवळणारा पट्टा) किंवा ब्रेकही धरतो, म्हणून तिथे उतारावर इंजिनाचा ब्रेक लागतो. सगळी तपासणी या एका फरकावर उभी आहे.

१. गिअरबॉक्स कोणता ते बघा

हे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकसाठी आहे. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग. भारतात २०१४ च्या सेलेरिओपासून आलेल्या एएमटीमध्ये (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर आपोआप बदलणारा) साधाच क्लच असतो, तो यंत्रणा आपोआप दाबते. तिथे ही चाचणी लागू नाही. झेडएफ या जर्मन कंपनीच्या ६एचपी गिअरबॉक्स मालिकेत टॉर्क कन्व्हर्टर आहे, पण गिअर धरायला वन-वे क्लच नाहीच. आपल्या गाडीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये कोणत्या गिअरला कोणता क्लच लागतो याचा तक्ता असतो. तो मिळाला तर निम्मं काम झालं.

२. ऑइल

ऑइल कमी असलं तरी गाडी पुढे जात नाही, म्हणून आधी हे. बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून, लिव्हर पीमध्ये घेऊन डिपस्टिक बघतात. काहींत इंजिन बंद करून. ओनर मॅन्युअल सांगेल तसंच करा. ऑइल काळं आणि जळका वास असेल तर क्लच प्लेट जळाल्याचा संशय घ्या. ऑइल स्वच्छ, पातळी बरोबर आणि तरी डीमध्ये गाडी हलत नसेल, तर संशय वन-वे क्लचकडे वळतो.

३. लिव्हरची चाचणी

सपाट, मोकळी जागा हवी. पुढे-मागे कुणी उभं राहू नये. ब्रेक दाबून लिव्हर आरमध्ये (रिव्हर्स) घ्या, ब्रेक हळूच सोडा, गाडी मागे सरकते का बघा. मग थांबून डी. मग पुन्हा थांबून एल, किंवा मॅन्युअल मोडमध्ये १. ॲक्सिलरेटर अगदी हलका.

आरमध्ये चालते, डीमध्ये नाही आणि एलमध्ये मात्र निघते: पहिल्या गिअरचा वन-वे क्लच सटकतोय. याहून स्पष्ट लक्षण या कामात क्वचितच मिळतं. आरमध्ये चालते पण डी आणि एल दोन्हींत नाही: फॉरवर्ड क्लच (पुढे जाण्यासाठी लागणारा क्लच) किंवा त्याचा ऑइलचा दाब. कशातच हलत नाही: ऑइल, पंप, कन्व्हर्टर किंवा ड्राइव्ह शाफ्ट. काही गिअरबॉक्स डीमध्येही अगदी कमी वेगात एलवाला तो आतला ब्रेक लावून ठेवतात. तिथे गाडी सुटते आणि थोडा वेग येताच इंजिन मोकळं रेस होतं.

डीमध्ये गाडी हलत नाही म्हणून रेस वाढवत मात्र राहू नका, हे मी कळकळीने सांगतो. अमेरिकेत क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट ७२७ गिअरबॉक्स १९६२ मध्ये आला. पूर्ण रेसमध्ये असताना त्याचा पहिल्या गिअरचा वन-वे क्लच निसटला, की पुढच्या क्लचचा ड्रम इंजिनापेक्षाही कितीतरी जास्त वेगाने फिरतो. तो फुटून ॲल्युमिनियमची केसिंग फोडून तुकडे बाहेर पडल्याच्या घटना ड्रॅग रेसिंगवाल्यांना चांगल्या माहीत आहेत. म्हणून ते गिअरबॉक्सभोवती संरक्षक आवरण बांधतात. आपली गाडी शर्यतीची नसली तरी भौतिकशास्त्र तेच आहे.

४. दुसरा वन-वे क्लच: स्टेटरचा

टॉर्क कन्व्हर्टरच्या आत स्टेटर (ऑइलचा प्रवाह वळवणारं पात्यांचं चाक) असतो, त्यालाही वन-वे क्लच असतो. गाडी निघताना तो स्टेटरला धरतो, म्हणून इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) कन्व्हर्टरमध्ये वाढून पुढे जातो. हा सटकला तर गाडी सिग्नलवरून मरगळल्यासारखी निघते, चढावर दम टाकते, पण एकदा वेग आला की ठीक चालते. उलट तो जाम झाला तर निघताना काही कळत नाही. हायवेवर मात्र गाडी ओढत नाही आणि ऑइल तापतं. सटकलेल्या स्टेटरमुळे लोक विनाकारण इंजेक्टर आणि टर्बोवर खर्च करतात, याचं मला वाईट वाटतं.

यासाठी स्टॉल टेस्ट असते, पण ती अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्या. टोयोटाच्या मॅन्युअलची रीत अशी: ऑइल ५० ते ८० अंश सेल्सिअस, चारही चाकांना अडण, हँडब्रेक आणि फूटब्रेक दोन्ही दाबलेले, लिव्हर डीमध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटर आणि आरपीएमची नोंद. पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. मग निदान एक मिनिट थांबून आरमध्ये. दोन्हींत आरपीएम मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा सारखंच कमी आलं तर इंजिन अशक्त आहे किंवा स्टेटरचा क्लच धरत नाही. ठरलेल्या आकड्यापेक्षा ६०० हून जास्त कमी असेल तर कन्व्हर्टरवर संशय. फक्त डीमध्ये आरपीएम जास्त आलं तर फॉरवर्ड क्लच, दाब किंवा गिअरबॉक्समधला वन-वे क्लच. अनेक नव्या गाड्या ब्रेक दाबलेला असताना इंजिनाची ताकद स्वतःच कमी करतात. त्यांत ही टेस्ट निरुपयोगी.

५. गाडी हलवताना

एलमध्ये चालते म्हणून घरापर्यंत चालवत नेऊ नका. रस्त्याच्या कडेला घेण्यापुरतं ठीक. तुटलेल्या रोलरचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो. टो करताना फ्लॅटबेड (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, किंवा इंजिनाने फिरणारी चाकं उचललेली असू द्या. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात.

६. गॅरेजमध्ये काय सांगायचं

"गिअर पडत नाही" एवढं सांगू नका. "आर आणि एलमध्ये चालते, डीमध्ये नाही, ऑइल स्वच्छ आहे" असं सांगा आणि लिहून द्या. गिअरबॉक्स उघडला की क्लच हातात घेऊन दाखवायला सांगा: एका बाजूला मोकळा फिरला पाहिजे, दुसरीकडे लगेच अडला पाहिजे. रिंगांवर खड्डे किंवा चरे असतील तर नुसते रोलर बदलून भागत नाही, रिंगाही बदलाव्या लागतात. स्टेटरची आतली रिंग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोकळी फिरते आणि उलट अडते. न अडल्यास कन्व्हर्टर बदलायचा. ऑइल कूलर आणि त्याचे पाइप फ्लश झालेच पाहिजेत, नाहीतर जुना चुरा नव्या भागांत येतो.

आणि जोडताना जवळ उभे राहा. स्प्रॅग उलट बसवला तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. आत बसवण्याआधी मेकॅनिकने तो हाताने दोन्ही बाजूंना फिरवून बघितला की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.