आधी रेव ठरवा, मग स्लॉट

तळघराच्या खोदाईत पाणी उपसायच्या बोअरमधून वाळू येते, कारण स्लॉटचा (पाणी आत घेणाऱ्या बारीक फटींचा) पाइप आधी येतो आणि त्याभोवती भरायच्या रेवेचा विचार नंतर.

१. पाणी देणाऱ्या सर्वांत बारीक थराची वाळू वाळवून चाळा. निम्मं वजन ज्या मापाखाली जातं, ते घ्या. (बेलर म्हणजे बोअरमधून माती वर काढायची नळी; त्यातला धुतला गेलेला नमुना फसवतो, बारीक कण त्यात उरत नाहीत.)

२. रेव त्याच्या ४ ते ६ पट. वाळू ०.३ मिमी असेल तर १.१८ आणि २.३६ मिमी चाळण्यांमधली गोल, धुतलेली रेव. क्रशरची कच नको.

३. स्लॉट रेवेचा ९० टक्के भाग अडवणारा. इथे १ मिमी.

४. रेवेचा थर किमान ७५ मिमी. नळीतून सोडा, वरून ओतल्यास जाड-बारीक वेगळी होते.

सुरुवातीची धुलाई संपूनही वाळू येत राहिली तर पंप बंद करा, शेजारच्या इमारतीच्या पायाखाली पोकळी होते.