सामायिक नेटवर्क कार्डावरचा बीएमसी उत्तर देत नसेल तर

कार्यालय कॉलेज रोडला आणि सर्व्हर अंबडच्या कारखान्यात, अशी मांडणी नाशिकमध्ये सर्रास दिसते. रात्री अकरा वाजता अडकलेला सर्व्हर पुन्हा चालू करण्यासाठी गाडी काढण्यापेक्षा त्याच्या बीएमसीत, म्हणजे मदरबोर्डावरच्या स्वतंत्र नियंत्रक चिपमध्ये, लॉगिन करणे केव्हाही परवडते. व्यवस्थापनासाठी वेगळा पोर्ट नसेल, किंवा असूनही त्याला केबल लावलेली नसेल, आणि बोर्डाची तशी सोय व मांडणी असेल, तर बीएमसी सर्व्हरच्याच नेटवर्क पोर्टातून बोलतो. केबल एक असली तरी तिच्यामागे दोन यंत्रे असतात आणि दोघांचे मॅक पत्ते (यंत्राच्या नेटवर्क जोडणीची स्वतःची ओळख) व आयपी पत्ते वेगळे असतात, एवढे लक्षात ठेवले की निम्मा गोंधळ टळतो.

त्यामुळे पिंग, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येते का याची चाचणी, नेहमी तिसऱ्या संगणकावरून करावे. सर्व्हरवरूनच त्याच्या बीएमसीला पिंग केले, तर अनेक कार्डे ते पॅकेट आतल्या आत वळवत नाहीत आणि सर्व काही ठीक असूनही बिघाडाचा भास होतो. सर्व्हरवर बसून करण्याजोगी तपासणी वेगळी आहे: आयपीएमआयटूल या बीएमसीशी बोलणाऱ्या प्रोग्रामची ‘लॅन प्रिंट १’ ही आज्ञा नेटवर्कला वळसा घालून बीएमसीला थेट विचारते आणि आयपी, मॅक, गेटवे व व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगळे आभासी नेटवर्क) क्रमांक दाखवते. मग त्याच सबनेटमधल्या दुसऱ्या संगणकाचा एआरपी तक्ता, म्हणजे कोणता आयपी कोणत्या मॅकचा याची यादी, पाहावा. तिथे बीएमसीऐवजी दुसराच मॅक दिसला, तर एकच आयपी दोघांना दिला गेला आहे. नोंदच आली नाही, तर दोष बहुधा स्विच किंवा केबलच्या पातळीवर आहे. सर्व्हरची फायरवॉल बंद करून पाहण्यात मात्र वेळ घालवू नये, कारण बीएमसीची पॅकेट कार्डातच वेगळी होतात आणि ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोहोचतच नाहीत.

सुपरमायक्रोच्या बोर्डांवर ‘फेलओव्हर’ ही पद्धत निवडलेली असेल, तर बीएमसी सुरू होताना समर्पित पोर्टावर लिंक आहे की नाही हे पाहून निर्णय घेतो. वीज गेली, स्विच सर्व्हरपेक्षा उशिरा उठला, की बीएमसी सामायिक पोर्टावर जाऊन बसतो. एकच केबल वापरायची असेल, तर पद्धत स्पष्टपणे ‘शेअर’ अशी ठरवून द्यावी.

सर्वाधिक वेळ स्विच खातो. स्विचच्या पोर्ट सिक्युरिटीत, म्हणजे एका पोर्टावर किती यंत्रे चालतील या नियमात, एकाच मॅकची मर्यादा असेल, तर दुसरा मॅक दिसताच पोर्ट अडवला जातो. बीएमसीला व्हीलॅन दिला असेल, तर तो स्विचच्या त्या पोर्टावर टॅगसह (पॅकेटवर व्हीलॅन क्रमांक ठेवून) सोडावा लागतो. आणि एलएसीपी बाँडमधल्या, म्हणजे अनेक केबल एकत्र बांधून केलेल्या जोडणीतल्या, पोर्टावर बीएमसी ठेवणे माझ्या मते टाळलेलेच बरे. अंबडमधल्याच एका कारखान्यात सर्व्हर रिस्टार्ट केला की बीएमसी अर्धा मिनिट गायब व्हायचा आणि बायोसचा पडदा कधीच हाती लागत नसे. ड्रायव्हर बदलताना लिंक क्षणभर तुटत होती आणि स्पॅनिंग ट्री, ही नेटवर्कमधले फेरे टाळणारी स्विचची यंत्रणा, पोर्ट पुन्हा उघडण्याआधी १५ अधिक १५ सेकंद थांबत होती. ही वाट पाहणे टाळणारी पोर्टफास्ट ही सोय चालू केल्यावर तो पडदा दिसू लागला.

पिंग मिळते पण आयपीएमआयटूल लॉगिन होत नाही, अशा वेळी वाटेतल्या फायरवॉलवर यूडीपी ६२३ हा आयपीएमआयटूल वापरत असलेला पोर्ट (सॉकेट नव्हे, सॉफ्टवेअरचा क्रमांक) उघडा आहे का ते पाहावे. याच क्रमांकाची एक उलटी गंमतही आहे: काही कार्डे ६२३ आणि ६६४ या पोर्टांवरची पॅकेट परस्पर बीएमसीकडे वळवतात, त्यामुळे सर्व्हरवरच्या एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची सोय) योगायोगाने तो पोर्ट घेतला, तर माउंट (दूरची फाइल जागा जोडणे) विनाकारण लटकते. हे दोन क्रमांक सर्व्हरवर राखून ठेवावेत.

एवढ्यानेही भागले नाही, तर बीएमसी पुन्हा सुरू करणारी आयपीएमआयटूलची ‘एमसी रिसेट कोल्ड’ ही आज्ञा द्यावी. सर्व्हरवरचे चालू काम सहसा थांबत नाही आणि बीएमसीला परतायला एक-दोन मिनिटे लागतात. तीही निष्फळ ठरली, तर अंबडला जाणे आलेच. तिथे सर्व्हर नुसता बंद करून उपयोग नाही, कारण बीएमसी स्टँडबाय विजेवर जागाच राहतो. दोन पॉवर सप्लाय असतील, तर दोन्हींच्या वायरी काढून अर्धा मिनिट थांबावे आणि मगच परत जोडाव्यात.