गणपती उठल्यावर स्वयंपाकघराची झाडाझडती

अनंत चतुर्दशीची रात्र इंदूरमध्ये झांक्यांची, म्हणजे रोषणाईच्या चित्ररथांची. त्या काढणाऱ्या कापडाच्या मिल कधीच बंद पडल्या, पण हुकुमचंद, कल्याण, मालवा मिल ही नावं त्या रात्री दिव्यांच्या आराशीसकट अजून रस्त्यावर येतात. दुसऱ्या दिवशी घरातलं कुणी वेळेवर उठत नाही आणि ओटा माझ्या एकटीच्या ताब्यात येतो. त्या दिवशी मंडईत जायचं नाही, असा माझा शिरस्ता आहे. जायची गरजही नसते. फोडलेल्या नारळांच्या वाट्या, मोदकांची उरलेली पिठी, वाटीभर सारण, शेवेच्या डब्याच्या तळाशी चुरा, आणि मागच्या अंगणात भादव्याच्या पावसाने माजलेल्या वेली. गिलकी, म्हणजे घोसाळी, आपण तोडली नाही तर शेजारची भाभी भिंतीवरून हाक मारून सांगते, "काकी, आपकी गिलकी हमारे यहाँ लटक रही है।"

सगळं ओट्यावर मांडा आणि आधी एकच बघा: आज संध्याकाळपर्यंत काय खराब होणार? पदार्थ नंतर ठरवायचा. मुली उलटं करतात, आधी मोबाइलवर कृती बघतात आणि मग त्यात नसलेल्या चार वस्तू आणायला कुणाला तरी पिटाळतात. घरातला पसारा तसाच राहतो, वर नवीन पसारा येतो.

पहिला नंबर भाताचा. नैवेद्याचा भात रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर त्याचा फोडणीचा भात करू नका. तांदळात असणारे काही जिवाणू बीजरूपाने शिजवल्यावरही तग धरतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. गरम भात दोन तासांच्या आत पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये गेला असेल तरच दुसऱ्या दिवशी वापरायचा. वरण फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर त्याची वरणफळं करा, पोटभर होतात आणि कुणी तक्रार करत नाही.

दुसरा नारळ. अख्खा नारळ महिनाभर कोपऱ्यात पडून राहील, त्याची काळजी नको. फोडलेली वाटी मात्र या दमट हवेत लगेच चिकट होते. सगळ्या वाट्या एकदमच खवून घ्या. दोन दिवसांपुरता फ्रिजमध्ये, बाकीचा पिशवीत भरून पोळीसारखा चपटा थापून फ्रीझरमध्ये. गोळा करून ठेवलात तर चमचाभर नारळासाठी बत्ता घ्यावा लागेल. चपटा असला की हाताने तुकडा मोडतो.

आता खरा पदार्थ: भुट्ट्याचा कीस. या दिवसांत मक्याची कणसं स्वस्त असतात आणि परसात चार ताटं लावली असतील तर ती नेमकी आता थोडी जून होऊ लागतात. भाजून खायला कडक, किसाला उत्तम. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री सोन्याची दुकानं मिटून खाण्याची दुकानं लागली की जो कीस मिळतो तो चांगलाच असतो, पण त्यावर तुपाचा तवंग असतो. घरी इतकं तूप लागत नाही.

देशी मक्याची चार कणसं घ्या. दाणा नखाने दाबल्यावर दुधासारखा थेंब यावा, पण दाणा पिचपिचीत नसावा. मध्यम भोकांच्या किसणीवर उभं धरून किसा, दोन वाट्यांच्या आसपास कीस निघतो. कढईत दोन मोठे चमचे तूप, त्यात मोहरी, जिरं, भरपूर हिंग, बारीक चिरलेल्या तीन हिरव्या मिरच्या आणि किसलेलं आलं. मग कीस घाला आणि गॅस बारीक करा. इथे घाई केली की सगळं बिघडतं. दहा-बारा मिनिटं तळापासून हलवत परतायचं, कच्च्या पिठाचा वास जाऊन खमंग वास येईपर्यंत. बऱ्याच जणी लगेच दूध ओततात. तसं केलं तर कीस शिजतो, पण लापशीसारखा लागतो. परतून झाल्यावर वाटीभर दूध, मीठ, चिमूटभर साखर. झाकण ठेवा, मधून हलवा, दूध आटून कीस कढईच्या कडा सोडू लागला की गॅस बंद. लिंबू त्यानंतरच पिळायचं, नाहीतर दूध फाटतं. वर खवलेला नारळ, कोथिंबीर, आणि हवं तर जीरावन. ज्यांना इंदूर माहीत नाही त्यांच्यासाठी: जिरं, धने, बडीशेप, आमचूर, काळं मीठ वगैरे घातलेली ही पूड आम्ही पोह्यांवर भुरभुरतो आणि मग हळूहळू सगळ्यावरच भुरभुरायला लागतो.

स्वीट कॉर्न मिळाला तर? होतो, पण त्यात पाणी आणि गोडवा जास्त. दूध निम्मं करा, साखर अजिबात नको, मिरची वाढवा, आणि परतताना दोन चमचे भाजलेला रवा टाका. तरी देशी तो देशी.

किसून उरलेली कणसं टाकू नका. तुकडे करून आल्याच्या चकतीबरोबर वीस मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. हे पाणी किंचित गोडसर असतं. त्यात टोमॅटो शिजवून सार करा, नाहीतर त्यातच खिचडी शिजवा. त्यानंतर कणसं ओल्या कचऱ्यात. इंदूरच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणारा मोठा प्रकल्प 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि त्या गॅसवर शहराच्या बस चालतात. पण माझं म्हणणं असं, की बसला द्यायच्या आधी आपलं सार होऊ द्यावं.

कीस उरला तर दुसऱ्या दिवशी मोदकाची पिठी कामाला येते. दोन वाट्या कीस, अर्धी वाटी तांदळाची पिठी, दोन चमचे बेसन, कोथिंबीर. पाणी नको. चपट्या टिक्की थापून तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून लाल करा. पिठीने बाहेरून कुरकुरीत होतात, बेसन मोडू देत नाही. आप्पेपात्रात टाकलं तरी चालतं, फक्त मग चमचाभर दही घाला.

गिलकीकडे येऊ. घोसाळी म्हणून जी भाजी महाराष्ट्रात नाक मुरडत खातात तीच ही. तिची अडचण ठाऊक आहे: कढईत टाकली की पाणी सुटतं आणि ढीगभर भाजीची वाटीभर होते. शेवेचा चुरा इथेच हवा, कारण तो ते पाणी पितो. अर्धा किलो कोवळ्या, बोटभर लांबीच्या गिलक्या घ्या, मोठ्या असल्या तर तुकडे करा. साल हलकेच खरवडून मधे चीर द्या. एक वाटी शेवेचा चुरा (रतलामी असेल तर लवंगेचा वास छान लागतो), अर्धी वाटी नारळ, दोन चमचे दाण्याचं कूट, चमचाभर धनेपूड, अर्धा चमचा आमचूर, हळद. मीठ घालू नका. शेवेत असतंच, आणि गिलकी आटली की तेही ठळक होतं. शेवटी चव बघून काय ते घाला. सारण भरून तेलात जिरं-हिंगाच्या फोडणीवर एका थरात रचा, झाकण ठेवा, मंद आचेवर पंधरा मिनिटं. पाणी अजिबात नाही. मग झाकण काढून पाच मिनिटं, म्हणजे खालची बाजू खरपूस होते. जावेला ही भाजी इतकी आवडली की ती आता चुऱ्यासाठी चांगली शेव चुरते. असो.

चुरा फार जुना असेल तर आधी वास घ्या. तेलाचा खवट वास आला की कुठल्याही मसाल्याने तो झाकला जात नाही.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. गिलकी, दोडका, दुधी, काकडी, काहीही वेलीवरून आणलं की कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि ते फळ टाकून द्या. या कुळातल्या फळांत कधी कधी कडू विषारी द्रव्य वाढतं, शिजवून ते जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो चालतो. "घरचं आहे, खतं घातलेली नाहीत" हे इथे उपयोगाचं नाही.

दोडक्याच्या शिरा, दुधीची साल यांची कोरडी चटणी सगळ्यांना येते. फक्त साली बारीक चिरून आधी नुसत्या तव्यावर सुकवा, तेल नंतर. तीळ आणि सुकं खोबरं वेगळं भाजा. ओल्या नारळाची केलीत तर त्याच दिवशी संपवावी लागेल.

राहिलं मोदकाचं सारण. लाल भोपळा परसात असेल तर त्याचे घारगे करा, गूळ आणि नारळ दोन्ही सारणात तयारच असतात. दोन वाट्या किसलेला भोपळा चमचाभर तुपावर झाकण ठेवून मऊ करा. त्यात एक वाटी सारण घालून ढवळा. गूळ विरघळतो, मिश्रण पातळ होतं, घाबरू नका. गॅस बंद करून चिमूटभर मीठ, वेलची नव्हे तर थोडं जायफळ, कारण सारणात वेलची आधीच आहे. कोमट झालं की दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळा. पाण्याचा थेंब नको. कणकेचं माप सांगत नाही, कारण प्रत्येक भोपळ्याचं पाणी वेगळं. अर्धा तास झाकून ठेवा, मग तेलाच्या हाताने पुरीपेक्षा जाड थापा आणि मध्यम आचेवर तळा. आच मोठी झाली तर गूळ आधी करपतो आणि आतलं पीठ कच्चं राहतं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफेने बुरशी येते. नीट भरले तर दोन-तीन दिवस बाहेर राहतात, आणि लोण्याच्या गोळ्याबरोबर किंवा हिरव्या मिरचीच्या लोणच्याबरोबर खायचे. लोणच्याबरोबर जास्त चांगले.