पोटाची तक्रार जुनी झाली की कोणत्या तपासण्या कराव्यात?

दोन-तीन महिने पोट धड नसलं की माणूस शेवटी वैतागून लॅब गाठतो आणि म्हणतो, 'सगळ्याच टेस्ट करून टाका.' मीही एकदा हेच केलं. सत्तरेक आकड्यांचा रिपोर्ट हातात पडला. त्यातले चार ठळक छापलेले होते, आणि पुढचे पंधरा दिवस मी पोट विसरून त्या चार आकड्यांचा घोर घेऊन बसलो. डॉक्टरांनी चारही बाजूला सारले. पोट होतं तिथंच होतं.

यात लॅबची चूक नव्हती. 'नॉर्मल' म्हणून छापलेली मर्यादा बहुधा अशी ठरवतात, की १०० निरोगी माणसांपैकी ९५ जण तिच्यात बसावेत. उरलेले ५ जण निरोगी असूनही बाहेर. धडधाकट माणसाच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के भरते. म्हणून प्रत्येक तपासणीपुढे एकच प्रश्न ठेवा: आकडा चांगला आला तर काय करणार, वाईट आला तर काय करणार? दोन्हीचं उत्तर एकच असेल तर ती तपासणी कशाला?

आधी वही, मग सुई

दोन आठवडे रोजची नोंद करा. शौच कसं झालं हे लिहायला ब्रिस्टल तक्ता सोपा पडतो. त्यात ७ प्रकार आहेत. १ म्हणजे सुटे कडक खडे, ७ म्हणजे निव्वळ पाणी. नोंद अशी असावी:

'मंगळवार, सकाळी साडेसहा. प्रकार ६, धावत जावं लागलं. दहा वाजता पुन्हा. खाली डावीकडे कळ, जाऊन आल्यावर थांबली. रक्त नाही, थोडी आव. रात्री झोप सलग.'

एवढ्याशा नोंदीत डॉक्टरांना पुष्कळ दिसतं. शौचानंतर थांबणारी कळ आयबीएसकडे, म्हणजे सूज-जखम न दिसता आतड्याचं काम बिघडण्याकडे, बोट दाखवते. रात्रभर झोप लागली हीही चांगली खूण, कारण झोपेतून उठवणारे जुलाब वेगळ्या आजाराचे असू शकतात. आयबीएस ठरवायला लागणारी माहिती याच वहीत मिळते: गेले ३ महिने आठवड्यातून किमान एक दिवस दुखणं, सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वी, आणि दुखण्याचा शौचाशी संबंध. आयबीएस आहे असं सांगणारी एकही सर्वमान्य रक्ततपासणी नाही.

त्याच वहीत चालू औषधं लिहा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने जुलाब होतात, मॅग्नेशियम असलेल्या अँटासिडनेही होतात. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं आणि बद्धकोष्ठही होतं. गेल्या काही आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल आणि त्यानंतर जुलाब लागले असतील, तर ते आवर्जून सांगा. त्यासाठी सी. डिफिसिल या जंतूची वेगळी तपासणी असते आणि ती नेहमीच्या शौचतपासणीत धरलेली असेलच असं नाही.

शौचात रक्त, काळंकुट्ट डांबरासारखं शौच, कारण नसताना घटलेलं वजन, ताप, गिळताना अडकणं, कावीळ, थांबत नसलेल्या उलट्या, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग: यातलं काहीही असेल तर तपासण्या निवडत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. अशा वेळी रक्ताचे रिपोर्ट चांगले आले तरी दुर्बिणीची तपासणी टळत नाही.

पाया कोणता घालावा

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी), यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, साखर आणि टीएसएच एवढ्यावर सुरुवात बहुतेकांची भागते. थायरॉइड वाढला की जुलाब आणि मंदावला की बद्धकोष्ठ, म्हणून टीएसएच. सीबीसीमध्ये हिमोग्लोबिनच्या शेजारचा एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, बघा. दोन्ही कमी असतील तर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा सांगणारी तपासणी, करतात. लोह कमी निघालं, आणि रुग्ण पुरुष असेल किंवा पाळी थांबलेली बाई असेल, तर लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसायचं नसतं. आतून कुठे रक्त झिरपतंय का हे शोधावं लागतं. एक खोच अशी, की शरीरात दाह असला की फेरिटिन उगीच वाढलेलं दिसतं. म्हणून ते सीआरपीसोबत वाचायचं.

चार आठवड्यांहून जास्त जुलाब असतील तर दोन तपासण्या मला सर्वांत कामाच्या वाटतात.

पहिली शौचातली कॅल्प्रोटेक्टिन. आतड्याला सूज असली की तिथं पांढऱ्या पेशी जमतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. मोठ्या माणसात साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या आजाराची शक्यता फार कमी. २५०च्या वर असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे जायचं. मधला पट्टा फसवा. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी, अगदी ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनीही आकडा चढतो. तिथं घाबरून कोलोनोस्कोपीची (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीची) तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारून ती औषधं थांबवावीत आणि काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

दुसरी सीलिॲकची. गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतडं बिघडवणारा हा आजार, आणि त्याची तपासणी म्हणजे रक्तातली टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडी. इथे लोक हमखास एक घोटाळा करतात: कुणीतरी सांगितलं म्हणून आधी गहू सोडतात, बरं वाटलं की मग तपासणीला जातात. ग्लूटेन पोटात जात नसेल तर अँटिबॉडी उतरतात आणि रिपोर्ट खोटाच निर्धास्त करतो. तपासणीआधी किमान ६ आठवडे ग्लूटेन रोजच्या जेवणात हवं. सोबत एकूण आयजीए (या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडी) मोजून घ्या. काहींच्या अंगात आयजीए मुळातच नसतं, मग टीटीजी-आयजीए निगेटिव्ह येण्याला अर्थ उरत नाही.

जियार्डियासारख्या परजीवीची शंका असेल तर शौचाचा एकच नमुना पुरत नाही, कारण परजीवी रोज शौचातून बाहेर पडतोच असं नाही. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्या किंवा अँटिजेन तपासणी मागा.

दुखणं वरच्या पोटात असेल, जळजळ, लवकर पोट भरणं असेल, तर प्रश्न हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूचा. याच जंतूच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना २००५चं नोबेल मिळालं. त्यातल्या मार्शलनी १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली होती! तुम्हाला एवढं करायला नको, श्वासाची युरिया तपासणी किंवा शौचातली अँटिजेन तपासणी पुरते. फक्त आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल गटातल्या गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असायला हवीत. रक्तातल्या अँटिबॉडी मात्र जंतू गेल्यावरही रेंगाळतात, म्हणून त्या तपासणीवर औषध सुरू करणं मला पटत नाही.

दुधाने पोट बिघडतंय असं वाटत असेल तर दुधातली साखर पचते का हे बघणाऱ्या श्वासाच्या तपासणीआधी दोन आठवडे दूध बंद करून बघा, मग पुन्हा सुरू करा. बऱ्याचदा तेवढ्यातच कळतं. नुसत्या बद्धकोष्ठाला टीएसएच, कॅल्शियम आणि साखरेपलीकडे लॅबकडून फारसं काही मिळत नाही.

पैसे वाचवायच्या जागा

शेकडो पदार्थांची 'ॲलर्जी' सांगणारी आयजीजीची (रक्तातल्या आणखी एका प्रकारच्या अँटिबॉडीची) यादी घेऊ नका. आयजीजी एवढंच सांगतं की तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे. आतड्यातल्या जंतूंचा रंगीत आलेख दिसायला सुरेख, पण त्यावरून उपचार ठरवावेत इतकी त्याची तयारी अजून नाही. सीईए आणि सीए १९-९ या ट्यूमर मार्करच्या तपासण्या सहज म्हणून करायच्या नसतात. कर्करोग नसतानाही ते वाढतात.

शौचाचा नमुना देताना कोरड्या डबीत घ्या, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका, आणि आव किंवा रक्ताचा भाग दिसत असेल तर तोच उचला. स्वादुपिंडासाठीची इलास्टेज तपासणी सांगितली असेल आणि त्या दिवशी शौच पाण्यासारखं असेल तर थांबा. पातळ नमुन्यात इलास्टेज खोटं कमी दिसतं. डबीवर नावाशेजारी दिवस आणि वेळ लिहा, वहीतल्या त्याच दिवसाच्या नोंदीपुढे खूण करा, आणि रिपोर्ट आला की दोन्ही सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.