मोठा कॅटफिश आणि पाण्यातला बेडूक एका टाकीत : मे महिना धरून मांडणी

या जोडीत पहिला हिशेब तोंडाचा. बहुतेक मोठे कॅटफिश समोर आलेलं गिळून बघतात. बेडकाला जीभच नसते; तो पुढच्या दोन्ही हातांनी, घाईत घास भरल्यासारखा, हाताला लागेल ते तोंडात कोंबतो. माप आधी कुणीच घेत नाही. म्हणून टाकी एक, पाणी एक, फिल्टर एक, पण मध्ये पडदी घालून खोल्या दोन. पडदीशिवाय जमतं असं दुकानदार सांगेल. महिना-दोन महिने जमतंही.

दुसरा हिशेब उन्हाचा, आणि मराठवाड्यात तोच जड जातो.

आधी मासा निवडा. रेडटेल कॅटफिश घेताना बोटाएवढा असतो आणि पुढे मीटरच्या वर जातो. घरातली कुठलीच टाकी त्याला पुरत नाही, तेव्हा त्याचा विचार नको. थाई मांगूर पाळायला देशात बंदी आहे. शिंगीच्या काट्यात विष असतं, हाताला लागला की आग होते. उरतो तो 'टाकी साफ करणारा' म्हणून विकला जाणारा सकर. हाही 30 ते 45 सेंमी होतो, पण शिकारी नाही. मात्र रात्री निवांत बसलेल्या बेडकाच्या अंगावरचा चिकट थर तो खरवडतो. तिथे जखम होते आणि जखमेवर बुरशी धरते. कोरिडोरास, पिक्टस असले छोटे कॅटफिश 'सोबतीला' बेडकाच्या बाजूला टाकू नका. बेडूक गिळायला जातो, मासा काटे ताठ करून घशात अडकतो आणि दोघेही जातात.

बेडूक म्हणजे झेनोपस, सतत पाण्यातच राहणारा आफ्रिकी बेडूक, बहुधा पांढरा, लाल डोळ्यांचा. मादी 10-12 सेंमी होते, नर लहान राहतो. नीट ठेवला तर पंधरा वर्षं सहज जगतो. घेताना पुढचा पंजा बघा. बोटं सुटी असली तर झेनोपस. बोटांमध्ये पडदा असला तर तो ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जातीचा बेडूक, जेमतेम 3-4 सेंमीचा. या मांडणीत त्याचं काम नाही. विहिरीतला, ओढ्यातला बेडूक धरून आणू नका. त्याला जमीन लागते, शिवाय आपल्या मोठ्या बेडकाला 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

टाकी 6 × 2 × 2 फूट, 12 मिमी काच. पाणी 20 इंचांपर्यंतच भरा, म्हणजे साधारण 565 लिटर. बेडूक फुप्फुसाने श्वास घेतो, त्याला वर यावंच लागतं, आणि वरची 4 इंच मोकळी जागा त्याची उडी अडवते. काच आणि पाणी मिळून वजन सातशे किलोच्या घरात जातं, म्हणून लोखंडी अँगलचा स्टँड भिंतीलगत, तुळईच्या वर येईल असा लावा.

पडदी दोन फुटांवर घाला : बेडकांना दोन फूट (तीन बेडूक), सकरला चार फूट. 6 मिमी अ‍ॅक्रिलिकला 8 मिमीची भोकं, दर 3 सेंमीवर एक, म्हणजे पाण्याखाली सुमारे 300 येतात. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही, त्यामुळे पडदी थेट चिकटवू नका. दोन्ही बाजूंना काचेच्या पट्ट्यांची खाच करून तिच्यात वरून सरकवा आणि झाकणाला टेकेल इतकी उंच ठेवा.

फिल्टर म्हणजे टाकीखाली ठेवलेली छोटी टाकी, तिला संप म्हणतात. संपच्या पंपाचं पाणी सकरच्या बाजूला पडू द्या, आणि ओव्हरफ्लो, म्हणजे पाणी परत संपमध्ये उतरायची वाट, बेडकांच्या बाजूला, तोंडाला स्पंज लावून. ताशी 2000 लिटरचा पंप पुरतो. बेडकाच्या अंगावर पाण्याची हालचाल कळणारे, शिवणीच्या टाक्यांसारखे ठिपके असतात. जोराच्या धारेत तो बावरतो आणि खाणं सोडतो. पडदीतून गाळून आलेलं पाणी त्याच्यापर्यंत संथ पोचतं. या मांडणीचा एक दोष आहे : भोकं शेवाळाने बुजली की सकरच्या बाजूची पातळी चढते आणि फरशीवर पाणी येतं. दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने भोकं घासा. संपमध्ये 50 लिटर जागा रिकामी ठेवा आणि पंपाकडून टाकीत येणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक छोटं भोक पाडा, नाहीतर लाइट गेली की टाकीतलं पाणी उलटं खाली ओढलं जातं.

आता ऊन. झेनोपसला 18 ते 24 अंश मानवतं, सकरला 22 ते 30. दोघांचा मेळ 22-24 वर बसतो. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात घरातलं उघडं पाणी तिशीच्या पार जातं, तिथे सकर तग धरतो, बेडूक सुकत जातो. लोक बर्फाची बाटली टाकतात. एक लिटर बर्फ वितळून 565 लिटर पाणी पाव अंशसुद्धा उतरत नाही. तेच एक लिटर पाणी पंख्याखाली वाफ होऊन गेलं तर जवळजवळ एक अंश उतरतो. आपली हवा कोरडी, त्यामुळे हा उपाय इथे कोकणापेक्षा कितीतरी चांगला चालतो. झाकण काचेचं नको. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीचं करा, चारी बाजूंनी क्लिपा लावा आणि एक छोटा टेबल फॅन पाण्यावर तिरका सोडा. खोलीत कूलर असेल तर खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवेत पंख्याचा उपयोग संपतो. पाणी 26च्या वरच राहत असेल तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या किंवा बेडूक घेऊ नका.

वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. रोजची तूट बोअरच्या पाण्याने भरली की टाकी खारट होत जाते, म्हणून तूट आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने भरा. बदलायला मात्र बोअरचं जड पाणी चालतं, झेनोपसला ते आवडतं. पण शेतातल्या बोअरला खताचा नायट्रेट असतो, आधी तपासा. शिवाय बोअरचा पीएच 8 असला तर विष्ठेतून सुटणारा तेवढाच अमोनिया पीएच 7 पेक्षा जवळजवळ दहापट विषारी ठरतो.

टँकरच्या आणि नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असतं, ते बेडकाच्या कातडीतून थेट आत जातं. उघड्या ड्रममध्ये एअर पंप लावून 24 तास ठेवा, किंवा 100 लिटरला 2 ग्रॅम हायपो (क्लोरिन मारणारे खडे) टाका. आठवड्याला 140 लिटर बदलायचं असतं. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात 200 लिटरचा एक ड्रम फक्त टाकीसाठी बाजूला काढावा लागेल. ते जमत नसेल तर टाकीच घेऊ नका.

जीव सोडण्याआधी फिल्टर चार ते सहा आठवडे चालवा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वस्ती करतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावर आधी बेडूक, मग सकर. टाकीत सोडण्याआधी दोघांनाही तीस दिवस वेगळ्या टबात ठेवा.

बेडकाच्या बाजूला खडी नको, घासाबरोबर पोटात जाते. तळ मोकळा ठेवा आणि लपायला दोन कौलं उलटी घाला. सकरला मोठं लाकूड हवं, ते तो कुरतडत राहतो.

बेडकाला आठवड्यातून तीनदा गांडूळ : खताच्या गादीतलं चालेल, फवारलेल्या वावरातलं नको. सकरला लाइट बंद केल्यावर दुधीची जाड चकती, स्टीलच्या चमच्यात खोचून. सकाळी उरलेली काढून टाका.

मासा आजारी पडला तर औषध टाकीत ओतू नका. तांबं, मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मलिन हे बेडकाला मारू शकतं. मासा टबात घ्या, तोही जाळीने नाही, काटे जाळीत गुंततात. पाण्याखालीच टोपल्यात वळवा.

लाइट दोन-तीन तासांवर गेली तर बेडूक आणि सकर वरची हवा घेऊन निभावतात, फिल्टरमधले जिवाणू निभावत नाहीत. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या.

बदललेलं पाणी कुंड्यांना घाला, नाल्यात किंवा विहिरीत नाही. झेनोपसच्या अंगावर बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी असू शकते, आणि त्याला स्वतःला सहसा काही होत नाही. डोईजड झालेला सकर जायकवाडीच्या नाथसागरात सोडायचा नाही. घेतला त्याच दुकानात परत घेतील का, हे पैसे देण्याआधीच विचारून ठेवा.