रविवारी केलेली यादी बुधवारी का मरते? या चुका टाळा

आमच्या ऑफिसात दर जुलैत नवी पोरं येतात. कोथरूडला कॉट बेसिसवर राहायचं आणि रोज हिंजवडी गाठायची. दोन महिने झाले की डबा खाताना कोणीतरी विचारतंच, "दादा, आठवडाभर राबतो, पण महत्त्वाचं काहीच होत नाही. कुठलं ॲप वापरू?" ॲपचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. आठवड्यात काय आधी करायचं हे ज्याला कागदावर ठरवता येत नाही, त्याला ते ॲपमध्येही येत नाही.

बहुतेकांची चूक म्हणजे तास न मोजता यादी करणं. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. ऑफिसचे ४५, जाण्यायेण्याचे १५ (वाकडच्या चौकात अडकलेल्याला हेही कमी वाटतील). आंघोळ, जेवण, कपडे यांचे रोज तीन, म्हणजे २१. उरले ३८. हा आकडा ऐकून पोरं खूश होतात. पण त्यातले २८ शनिवार-रविवारचे असतात. सोमवार ते शुक्रवार दिवसाला जेमतेम दोन. शनिवारी सकाळची एसटी पकडून गावी गेलात तर सगळ्या आठवड्याचे मिळून दहाच. त्या दहा तासांत जर्मनचा क्लास, जिम, एमबीएच्या सीईटीचा अभ्यास आणि गिटार? मी नव्या पोरांना आधी हे गणित करायला लावतो, यादी नंतर. निम्मे कंटाळून पळतात. पळू देत.

दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून जरा सविस्तर सांगतो: यादीत काम न लिहिता नुसता विषय लिहिणं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी शिकाऊ लायसन्स काढलं. ते सहा महिने चालतं. पहिले ३० दिवस पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही, त्यापुढे पाच महिने मोकळे. म्हणजे माझ्या हातात २१ रविवार होते आणि त्या प्रत्येक रविवारी माझ्या यादीत एकच शब्द होता: 'आरटीओ'. पुढच्या आठवड्यात तोच शब्द, तसाच उतरवलेला. घाई कधीच नव्हती, कारण मुदत लांब होती. शेवटच्या आठवड्यात तारीख घ्यायला बसलो तर जवळची एकही शिल्लक नाही. लायसन्स बाद. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा तीच संगणकावरची परीक्षा. त्याच डिसेंबरात आम्ही पाचजण गोव्याला गेलो. स्कूटर भाड्याने देणाऱ्याने लायसन्स मागितलं आणि मी चार दिवस मित्रांच्या मागे बसून गोवा पाहिला. त्यावरून अजून टोमणे खातो.

तेव्हापासून मी 'आरटीओ' लिहीत नाही. 'मंगळवार, रात्री ९, परीक्षेची तारीख घेणे' असं लिहितो. आणि एखादं काम दुसऱ्यांदा पुढे ढकललं की त्याच्यापुढे दोन रेघा मारतो. तिसरी रेघ मारायची वेळ आली तर ते सोमवारी ऑफिसला निघायच्या आधी करायचं, नाहीतर सरळ काटायचं. काटायला लाज वाटते, पण 'गिटार' काटल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

मुदतवाढीच्या भरवशावर राहणारे हा वेगळाच वर्ग आहे. २०२५मध्ये इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि वर आणखी एक दिवस मिळाला. तेव्हापासून "वाढतेच की" म्हणणारे भेटतात. एरवी उशीर झाला तर पाच हजारांपर्यंत दंड बसतो, उत्पन्न पाच लाखांच्या आत असलं तरी एक हजार. फॉर्म १६ (ऑफिसकडून मिळणारा पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) हातात पडला की त्याच आठवड्यात रिटर्न उरकावं.

सगळ्याच कामांना पहिला नंबर देऊ नका. दोन कामं अडली तर आधी कोणतं, याचं उत्तर यादीत दिसलं पाहिजे.

मित्राच्या खोलीचं सामान हलवायला जा, पण दर रविवारी नव्हे.

रंगीत पेनं आणि सहाशे रुपयांचा प्लॅनर यावर मी बोलणार नाही. माझी यादी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर असते. कागद जाड, जागा कमी, मोठ्या अक्षरात तीनच कामं मावतात. चौथं घुसवायचं तर आधी एक खोडावं लागतं. पत्रिका बॅगेच्या पुढच्या कप्प्यात राहते, त्यामुळे डबा काढताना रोज दिसते.

आणि पुण्यात गुरुवारी पाणी बंद असण्याची शक्यता धरून कपडे बुधवारीच धुवा. हे यादीत नसलं की शुक्रवारची पूर्ण संध्याकाळ बादलीपाशी जाते.